खिद्रापूरच्या कोपेश्वरासमोर नंदी का नाही?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: "आमचं कुलदैवत यडूरचा वीरभद्र. लहानपणी आजी सांगायची, सती नंदीवर बसून यडूरला बापाच्या यज्ञाला गेली ती परत आलीच नाही, नंदीही तिकडेच राहिला, म्हणून खिद्रापूरच्या महादेवासमोर नंदी नाही. परवा खिद्रापूरला गेलो, तर एकानं सांगितलं देऊळ शिलाहार राजा गंडरादित्यानं बांधलं, दुसरा म्हणाला यादवांनी, तिसऱ्यानं थेट बाराशे वर्षं मागे नेलं. स्वर्गमंडपाच्या छताला जे मोठं गोल भोक आहे ते होमाचा धूर जायला, असंही ऐकलं. यातलं खरं काय धरायचं?"

जुन्या दगडी देवळांची मोजमापं घेणं, नकाशे काढणं, शिलालेखांचे ठसे घेणं हे माझं तीसेक वर्षांचं काम. कोल्हापूर जिल्ह्यातल्या या खिद्रापूरला किती खेपा झाल्या ते मोजलेलं नाही. पहिल्या काही खेपांत मीही बरोबरच्या लोकांना होमाच्या धुराची गोष्ट छातीठोकपणे सांगत होतो, हे आधी कबूल करून टाकतो.

आजीपासून सुरुवात करू. तिची गोष्ट नीट ऐकलीत तर लक्षात येईल की देऊळ कोणी आणि कधी बांधलं याबद्दल ती अवाक्षर काढत नाही. ती दोनच गोष्टींचा उलगडा करते: देवाचं नाव असं का, आणि समोरची जागा रिकामी का.

पूर्ण कथा तुम्हाला पाठ असेल, तरी इतरांसाठी सांगतो. दक्षानं यज्ञ मांडला, जावयाला बोलावलं नाही. सती न बोलावता गेली, अपमान झाला, तिनं यज्ञात देह टाकला. महादेवाच्या कोपातून वीरभद्र उभा राहिला, यज्ञ उधळला, दक्षाचं मुंडकं उडालं आणि पुढे बोकडाचं लागलं. इथपर्यंत पुराण. यापुढे कृष्णाकाठची भर. हा यज्ञ झाला यडूरला. कोप काही केल्या उतरेना तेव्हा विष्णू समजूत घालायला आला, तो आला तो इथेच राहिला. म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं: कोपलेला तो कोपेश्वर आणि त्याला शांत करणारा विष्णू म्हणजे धोपेश्वर. नंदी सतीला घेऊन गेलेला, तो यडूरला.

कोणी म्हणेल, दक्षाचा यज्ञ तर हरिद्वारजवळ कनखलला झाला, मग हे यडूर कुठून आलं? हा आक्षेप मला कधी फारसा पटला नाही. रामानं जिथे जिथे मुक्काम केला असं आपण म्हणतो त्या सगळ्या जागा जोडल्या तर चौदा वर्षं पुरायची नाहीत. पण एक बारकावा पाहा. सती नंदीवर बसून गेली ही काही गावकऱ्यांची कल्पना नाही. भागवताच्या चौथ्या स्कंधात महादेवाचे गण तिला वृषभावर बसवून नेतात असं स्पष्ट आलेलं आहे. म्हणजे ज्यानं ही स्थानिक कथा पहिल्यांदा रचली त्याला पुराण नुसतं ऐकून ठाऊक नव्हतं, चांगलं ठाऊक होतं. समोर रिकामी जागा दिसली आणि पुराणात तिला चपखल बसेल असा धागा त्याला सापडला.

रिकाम्या जागेवरून गोष्ट तयार होते हे ताडून बघायला नाशिकला जा. पंचवटीत रामकुंडाच्या वरच्या अंगाला कपालेश्वर आहे, तिथेही महादेवासमोर नंदी नाही. तिथली गोष्ट मात्र निराळी: महादेवाला ब्रह्महत्येचं पातक लागलं होतं, ते रामकुंडात स्नान केल्यावर जाईल हे त्याला नंदीनं सांगितलं, तेव्हा नंदी झाला गुरू, आणि गुरूला आपल्यासमोर कसं बसवायचं? तिथे नंदी मानानं नाही, इथे दुःखानं नाही. उणीव एकच, कारणं दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी इतकी फिट्ट की ऐकणाऱ्याला शंका येत नाही.

दगडाच्या बाजूनं विचाराल तर नंदी हा देवळाच्या बांधणीचा भाग नसतो. खांब काढला तर छत खाली येईल, नंदी हलवला तर काहीच होत नाही. आठशे वर्षांत तो फुटला, हलवला गेला, पुरात गाळाखाली गेला किंवा मुळात बसवायचाच राहिला, यातलं काहीही घडलेलं असू शकतं. त्यामुळे "नंदी का नाही" याला स्थापत्याकडे पक्कं उत्तर नाही. या बाबतीत आजी माझ्या पुढे आहे.

आता नावाकडे या. इथे मात्र मला आजीशी थोडा वाद घालायचा आहे.

'कोप' म्हणजे राग, म्हणून कोपेश्वर, हे आपल्या कानाला इतकं सरळ वाटतं की पुढे कोणी खोदत नाही. पण खिद्रापूर हे नाव बरंच अलीकडचं आहे. या गावाचं जुनं नाव कोप्पम होतं असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि कन्नडमध्ये 'कोप्प' म्हणजे वस्ती, लहान गाव. कर्नाटकात या नावाची गावं आजही आहेत. तेव्हा कोप्पचा ईश्वर तो कोप्पेश्वर, आणि कन्नड बोलणारा भाग हळूहळू मराठी बोलू लागला तेव्हा 'प्प'चा 'प' होऊन रागीट कोपेश्वर तयार झाला, अशी शक्यता मला जास्त वाटते. देवाला गावाचं किंवा बांधणाऱ्याचं नाव लावणं ही तेव्हाची सर्रास पद्धत होती. पट्टदकलचं विरूपाक्षाचं देऊळ मुळात लोकेश्वर होतं, कारण ते लोकमहादेवी राणीनं बांधवलं. तिथलंच संगमेश्वर हे विजयादित्य राजाच्या नावानं विजयेश्वर होतं.

हे कोप्पम महत्त्वाचं का, तर १०५४ साली कोप्पम नावाच्या ठिकाणी दक्षिणेतली एक फार मोठी लढाई झाली. एका बाजूला कल्याणीचा चालुक्य राजा पहिला सोमेश्वर, दुसऱ्या बाजूला चोळांचा राजाधिराज. राजाधिराज हत्तीवर बसून लढत असताना मारला गेला. चोळांच्या लेखांत पुढे त्याचा उल्लेखच 'हत्तीच्या पाठीवर निजलेला देव' असा येतो. सैन्य मागे हटू लागलं तेव्हा धाकट्या भावानं, दुसऱ्या राजेंद्रानं, रणांगणातच स्वतःला अभिषेक करवून घेतला आणि लढाई फिरवली. चोळ लेख म्हणतात की हे कोप्पम एका मोठ्या नदीच्या काठी होतं, आणि राजेंद्रानं नंतर कोल्लापुरात जयस्तंभ उभारला. नदी म्हणजे कृष्णा आणि कोल्लापूर म्हणजे आपलं कोल्हापूर धरलं तर हे कोप्पम खिद्रापूरच ठरतं. ते कर्नाटकातलं कोप्पळ असावं असं म्हणणारेही आहेत आणि त्यांचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मी पहिल्या बाजूचा, पण पैज लावण्याइतका नाही.

धोपेश्वराच्या नावातही अशीच गंमत आहे. कोकणात राजापूरजवळ धोपेश्वर नावाचं गाव आहे आणि तिथला देव धूतपापेश्वर, म्हणजे पापं धुऊन टाकणारा. तोंडात घोळून घोळून धूतपापेश्वराचा धोपेश्वर झाला. तिथे तो महादेव आहे आणि खिद्रापुरात त्याला विष्णू मानतात. खिद्रापूरचा धोपेश्वरही त्याच शब्दातून आला असेल, किंवा कोपेश्वराला जोडी म्हणून यमकानं आला असेल. मराठीला जोडशब्दांची हौस आहेच.

कोणी बांधलं याबद्दल तुम्हाला तीन उत्तरं मिळाली. तिन्ही पूर्ण चूक नाहीत, पण तिन्ही सैल आहेत.

पक्कं काय आहे ते आधी बघू. देवळाच्या आतबाहेर डझनभर शिलालेख आहेत, बहुतेक जुन्या कन्नडमधले आणि झिजलेले. देवनागरी लिपीतला संस्कृत लेख एकच, दक्षिण दाराजवळ बाहेरच्या भिंतीवर. पुढच्या वेळी गेलात की तो मुद्दाम शोधा. भर दुपारी तो दिसतच नाही, भिंत नुसती खरबरीत वाटते. हिवाळ्यात चारच्या पुढे ऊन भिंतीला घासून येऊ लागलं की अक्षरांच्या खोबणीत सावली भरते आणि ओळी उमटतात. ढग असतील तर टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून आडवा धरा, समोरून मारू नका. आणि कृपा करून खडू, पीठ, रांगोळी काही चोळू नका. मी सुरुवातीला ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांनी ठसा घेताना दगड ओला करायलाही मऊ ब्रश दिला होता. ओला कागद चढवायचा, ब्रशनं ठोकून खोबणीत बसवायचा, सुकत आला की शाईचा बोळा अलगद टेकवायचा. खोबणीतला कागद पांढरा राहतो आणि भोवतालचा काळा होतो.

तरीही पहिल्या दिवशी वाचता येणार नाही, हे गृहीत धरा. यादवकाळच्या देवनागरीत 'ए'ची मात्रा पुष्कळदा अक्षराच्या डोक्यावर नसते, अक्षराच्या आधी उभ्या दांडीसारखी येते. तिला पृष्ठमात्रा म्हणतात. आपण ती आधीच्या अक्षराचा काना समजतो आणि 'दे'चा भलताच शब्द होतो. शिकाऊ मुलं इथे हटकून अडखळतात. मी दोन दिवस अडखळलो होतो.

लेख देवगिरीच्या यादव सिंघणाचा आहे, शके ११३६ चा, म्हणजे इसवी सन १२१३-१४. मिरिंजी देशातलं, म्हणजे मिरज प्रांतातलं, कूडलदामवाड हे गाव कोपेश्वराच्या पूजेअर्चेसाठी दिलं, असा मजकूर. कूडलदामवाड म्हणजे आजचं कुरुंदवाड. कन्नडमध्ये 'कूडल' म्हणजे संगम, आणि कृष्णा-पंचगंगेचा संगम कुरुंदवाडच्या शेजारीच आहे. नरसोबाच्या वाडीला गेला असाल तर तुम्ही तो पाहिलाच आहे.

आता या वर्षाकडे जरा थांबून बघा. कोल्हापूरच्या शिलाहारांचा शेवटचा राजा दुसरा भोज. पन्हाळा त्याचं मुख्य ठाणं. सिंघणानं १२१२ च्या सुमारास त्याला हरवलं आणि शिलाहारांचं राज्य संपवलं. यादवांच्या एका लेखात सिंघणाला 'पन्हाळ्याच्या भोजरूपी सर्पाला पळवून लावणारा गरुड' म्हटलंय. (यात एक खोच आहे. शिलाहार स्वतःला जीमूतवाहनाच्या कुळातले म्हणवत, नागाला वाचवायला स्वतःचा देह गरुडापुढे ठेवणारा तो जीमूतवाहन, आणि त्यांच्या ध्वजावर सोन्याचा गरुड. त्यांच्याच राजाला साप ठरवून गरुड आपल्याकडे घेणं म्हणजे कवीनं जखमेवर मीठ चोळलं.) राज्य जिंकल्यावर एकदोन वर्षांतच नवा राजा हरलेल्या राज्यातल्या देवळाला अख्खं गाव तोडून देतो. भक्ती असेलच, पण लोकांना हेही सांगायचं होतं की राजा बदलला, देवाचा दिवा बंद पडणार नाही, आणि यापुढे तेल आमचं.

म्हणून "यादवांनी बांधलं" हे बरोबर नाही. सिंघणानं उत्पन्न लावून दिलं. ते ज्या देवळाला दिलं, तिथे पूजा आधीपासून चालू होती. त्या वेळी काही डागडुजी किंवा भर झाली असेल, पण देऊळ उभं होतं.

"गंडरादित्यानं ११०९ ते ११७८ मध्ये बांधलं" हे वाक्य सगळीकडे फिरतं. यातली वर्षंच एकमेकांशी जुळत नाहीत. गंडरादित्याचे लेख १११० पासून मिळतात आणि ११३० च्या दशकात थांबतात. ११४३ मध्ये त्याचा मुलगा विजयादित्य गादीवर आहे आणि ११७५ च्या सुमारास नातू दुसरा भोज. तेव्हा ही दोन सालं धरली तर काम आजोबांनी सुरू केलं आणि नातवाच्या काळात आटोपलं, असं म्हणावं लागतं, आणि एवढ्या कामाला तीन पिढ्या लागणं मला अजिबात अशक्य वाटत नाही. काळा बेसाल्ट आहे, बोटभर खोल कोरायला दिवस जातो. धारवाडकडच्या कारागिरांना मऊ हिरवट दगड मिळायचा, त्यात लोण्यासारखं काम होतं. इथले खांब बघा: गोल, चौकोनी, अष्टकोनी, आणि काहींवरची वलयं अशी गुळगुळीत की दगड कातावर धरून फिरवलाय असं वाटावं. बेसाल्टवर ती सफाई आणणं म्हणजे हात झिजवणं होतं.

गंडरादित्याबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्याच्या १११० च्या ताम्रपटात असं आहे की मिरज प्रांतात त्यानं गंडसमुद्र नावाचा तलाव खोदवला आणि त्याच्या काठावर शिव, बुद्ध आणि जिन या तिघांचीही स्थापना करून त्यांना जमिनी दिल्या. खिद्रापुरात कोपेश्वरापासून चार पावलांवर आदिनाथाचं जुनं जैन मंदिर आहे. पर्यटक तिकडे फिरकत नाहीत. तुम्ही जा, कोरीव काम त्याच हातांचं वाटेल.

बाराशे वर्षांचा आकडा काही जण चालुक्यांच्या नावावर सांगतात. आज उभं आहे ते काम इतकं जुनं नाही. अधिष्ठानाची, म्हणजे जोत्याची घडण, गाभाऱ्याची ताऱ्यासारखी कोनाकोनांची आखणी, खांबांची धाटणी, सगळं बाराव्या शतकाच्या आसपासचं आहे. त्याच जागेवर आधीचं लहान देवस्थान असू शकतं, विशेषतः कोप्पमची गोष्ट खरी धरली तर. पण दिसतंय त्या दगडाला ते वय लावू नये.

राहिला स्वर्गमंडप, आणि यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे.

मुख्य देवळाच्या पुढ्यात ४८ खांबांचा मंडप. मध्ये बारा गोल खांबांचं रिंगण, त्यावर छताची वलयं आत आत सरकत जातात, आणि जिथे घुमट मिटायला हवा तिथे साधारण १३ फुटांचं मोकळं आकाश. कडेनं कार्तिकेय आणि आठ दिशांचे दिक्पाल आपापल्या वाहनांवर. खाली फरशीत बरोबर तेवढ्याच मापाची गोल शिळा. पहिल्यांदा आत येणारा माणूस मान वर करतो आणि काही वेळ बोलत नाही, हे मी प्रत्येक खेपेला पाहिलं आहे.

लोक विचारतात, मधला दगड पडला का? आणि मध्येच भोक असूनही बाकीचं छत कसं पडत नाही? आपल्या जुन्या देवळांत कमान नाही. दगडाचा एक थर, त्यावर थोडा आत सरकवलेला दुसरा, असं करत वर्तुळ लहान होत जातं. एका थराचे सगळे दगड मिळून जे कडं होतं, त्यातला प्रत्येक दगड आत पडू बघतो आणि शेजारचे दोघं त्याला दाबून धरतात. गर्दीच्या लोकलमध्ये दारात उभा माणूस पडत नाही, तसंच. कडं पूर्ण आहे तोवर ते स्वतःला धरून राहतं, त्याच्या वरचं कडं असो वा नसो. म्हणून अर्ध्यावर थांबवलेला घुमट शेकडो वर्षं उभा राहू शकतो, मात्र कड्यातला एक दगड निखळला तर सगळं येईल. भोक मुद्दाम ठेवलं की काम तिथे थांबलं, हे नुसत्या टिकाऊपणावरून ठरत नाही.

माझं मत मुद्दाम ठेवलं असं आहे, आणि त्याला कारण खालची शिळा. वरच्या मापाची शिळा खाली बसवायची तर आखणी करतानाच वर्तुळ ठरलेलं हवं. काम अर्धवट राहिलं असतं तर खाली फरशी साधी असती.

मग होम? आत धुराची काजळी दिसत नाही हा मुद्दा मी पूर्वी मांडायचो. तो मी सोडून दिला. आठशे पावसाळे त्या भोकातून आत आलेत, काजळी असती तरी धुऊन गेली असती. पण ज्या जागेवर रोज अग्नी पेटवायचा तिथे कुंड करतात, सपाट गुळगुळीत शिळा बसवत नाहीत. बेसाल्ट वारंवार तापला आणि वर पाणी पडलं की पापुद्रे सुटतात. देवापुढच्या अशा गोल शिळेला रंगशिळा म्हणतात, नाचगाण्याची जागा. त्या काळच्या दानलेखांत देवाच्या अंगभोगाबरोबर रंगभोग हा शब्द नेहमी येतो: अंगभोग म्हणजे स्नान, गंध, नैवेद्य, आणि रंगभोग म्हणजे त्याच्यापुढचं गायन-नर्तन. माझी समजूत अशी की हा मंडप त्यासाठी होता. वाद घालायला मी तयार आहे.

अलीकडे आणखी एक गोष्ट जोडली गेली आहे. कार्तिकातल्या त्रिपुरी पौर्णिमेला चंद्र बरोबर या वर्तुळात येतो, त्यासाठी गर्दी होते, दिवे लागतात, फोटो फिरतात. चंद्र खरंच येतो. खिद्रापूर साधारण १६.६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. त्या पौर्णिमेला सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला १५ ते २१ अंशांवर असतो. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोरच्या बाजूला, म्हणजे तो साधारण तितकाच उत्तरेला, पाचेक अंश इकडेतिकडे. त्यामुळे मध्यरात्रीच्या सुमारास तो जवळजवळ डोक्यावर येतो. पण तसा तो कुरुंदवाडच्या घराच्या गच्चीवरही येतो! शिवाय वर्तुळ एवढं रुंद आहे की मध्यभागी उभं राहिलं तर कार्तिकीच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रीही चंद्र दिसतो, आणि पौष-माघातल्या पौर्णिमांनाही. हे स्थपतीनं मुद्दाम साधलं होतं असं म्हणायला या हिशेबातून आधार मिळत नाही. मात्र दृश्य सुंदर आहे, त्यासाठी जायला माझी हरकत असण्याचं कारण नाही.

त्याच हिशेबानं दुसरी वेळ मला जास्त आवडते. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य तिथे थेट डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस. तेव्हा वरच्या वर्तुळाचा उजेड खालच्या शिळेवर वर्तुळाला वर्तुळ जुळवून पडायला हवा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा तोच योग येतो, पण तेव्हा ढग असतात आणि कृष्णा फुगलेली असते. मे महिन्याच्या उन्हात तिकडे कोणी जात नाही, म्हणून त्याचा उत्सव झालेला नाही.

फोडतोडीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तिथे कोणीतरी सांगितलं असणारच. बाहेर खालच्या थरात नव्वदहून जास्त हत्ती आहेत, त्यांच्या पाठींवर देवदेवता, आणि बऱ्याचशा हत्तींच्या सोंडा तुटलेल्या. औरंगजेबाच्या फौजेनं १७०२ मध्ये हे केलं असं गावात सांगतात. मुघल फौजा त्या वेळी याच मुलखात होत्या: पन्हाळा १७०१ मध्ये पडला, विशाळगड १७०२ मध्ये. तेव्हा काळ जुळतो. पण तुटलेल्या सोंडेकडे बघून कोणी साल सांगू लागला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. घाव आणि पुरात वाहून आलेल्या ओंडक्याचा मार यातला फरक ताज्या दगडावर कळतो, तीनशे वर्षांनी कळत नाही. बाहेर आलेले अवयव, सोंड, हात, नाक, हे कसेही तुटले तरी आधी तुटतात. आणि पूर इथे नेहमीचा पाहुणा आहे. गावाच्या तीन बाजूंना कृष्णा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही महापुरांत शिरोळ तालुक्याचं काय झालं ते तुम्ही पाहिलं आहे.

आता परत आजीकडे. कथेतली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट नंदी नाही, यडूर आहे. आज खिद्रापूर महाराष्ट्रात आणि यडूर कर्नाटकात, चिकोडी तालुक्यात. एकीकडे मराठी, दुसरीकडे कन्नड, आणि मध्ये प्रांताची रेघ. आजीच्या गोष्टीत ही रेघ नाही. सासर या गावी, यज्ञ त्या गावी, नवरा इथे, सैनिक म्हणून आलेला वीरभद्र तिथे, वाहन तिकडे अडकलेलं. कथा पूर्ण करायची तर दोन्ही गावांना जावं लागतं, आणि तुमच्यासारखी घराणी पिढ्यान्‌पिढ्या जातही आली. यडूरच्या बाजूनं ही गोष्ट कानडीत ऐकली तर जोर वीरभद्रावर असतो, कोपेश्वर शेवटी येतो. खिद्रापुरात नेमकं उलट.

म्हणून माझी एक विनंती आहे. आजी हयात असतील तर त्यांना पुन्हा एकदा सगळी गोष्ट सांगायला लावा आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून ठेवा. मध्ये दुरुस्त करू नका. तीन ठिकाणी मुद्दाम कान द्या: त्या देवाला कोपेश्वर म्हणतात की 'प'वर जोर देऊन कोप्पेश्वर, धोपेश्वराला विष्णू म्हणतात की महादेवाचा भाऊ, आणि यडूरच्या नंदीचं तोंड कोणत्या दिशेला आहे असं सांगतात. या तिसऱ्याची मला तीन वेगवेगळी उत्तरं मिळाली आहेत. चौथं मिळालं तर कळवा.